माँटॅग वाचून बदलला नाही

दर दोन-तीन महिन्यांनी एक रील फिरतं. मागे ज्वाळा, त्यात काळी पडत जाणारी पानं, बारीक आवाजात पियानो. आणि कुणीतरी गंभीर सुरात सांगतं की रे ब्रॅडबरीने १९५३ सालीच आजचा काळ ओळखला होता. पुस्तकं जाळणाऱ्या एका माणसाच्या, गाय माँटॅगच्या, हाती एक दिवस पुस्तक लागलं, त्याने ते वाचलं आणि तो बदलला. म्हणून मित्रांनो, वाचा. खाली लिंक दिलेली असते.

'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीत असं काहीही घडत नाही. आणि हे मुद्दाम भांडून सांगायला हवं, कारण या गोड गैरसमजामुळे आपली सगळ्यांची फार सोयीस्कर सुटका होते. पुस्तक वाचलं की माणूस चांगला होतो, आपण वाचतो, म्हणजे आपण चांगले. जाळणारे ते दुसरेच कुणीतरी, न वाचणारे. विषय संपला.

आधी कादंबरीत काय आहे ते बघू. माँटॅग तीस वर्षांचा आहे. दहा वर्षं नोकरी झालीय. बाप याच खात्यात, आजोबाही याच खात्यात. घरं आता आग लागू नये अशीच बांधली जातात, त्यामुळे बंबवाल्यांना विझवायला काही उरलेलं नाही. मग त्यांना दुसरं काम दिलंय: ज्याच्या घरी पुस्तकं सापडतील त्याचं घर पेटवायचं. बंबात पाण्याऐवजी रॉकेल. माँटॅगला हे काम आवडतं. अंगाला येणारा रॉकेलचा वासही आवडतो. घरी बायको मिल्ड्रेड, कानात शिंपल्यासारखी छोटी यंत्रं घालून झोपणारी. दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे तीन स्क्रीन, आणि तिला चौथी भिंत हवीय. किंमत: माँटॅगच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. (ब्रॅडबरीच्या काळात ईएमआय हा शब्द आपल्याइतका घरोघरी नसेल, पण माँटॅगची चिंता आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.)

म्हणजे हा कुणी राक्षस नाही. चांगली नोकरी असलेला, घरचं कर्तव्य पार पाडणारा, कामात हुशार असा मुलगा आहे. आपल्याकडे असा मुलगा लग्नाला उभा राहिला तर पत्रिका धडाधड येतील.

आता रीलवाल्यांनी लक्ष द्यावं. माँटॅगने पुस्तकं घरात आणलीत ती वर्षभर आधीपासून. हवेच्या झरोक्यामागे लपवून ठेवलीत. वाचलेली नाहीत. म्हणजे पुस्तक 'हाती लागून' काहीच झालेलं नाही, वर्षभर. मग एका रात्री एका म्हातारीचं घर जाळायला जातात. ती घर सोडून बाहेर येत नाही. रॉकेल शिंपून झालंय, सगळे तिला 'चल' म्हणतायत, आणि ती स्वतःच्या हाताने काडी ओढते. दुसऱ्या दिवशी माँटॅगला ताप आहे. तो कामावर जात नाही.

बदल होतो तो इथे. तोवर त्याने एक धड पान वाचलेलं नाही.

त्या आजारपणात तो बायकोला जे सांगतो ते मला अख्ख्या कादंबरीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच्या डोक्यात येतं की प्रत्येक पुस्तकामागे एक माणूस होता. विचार करून ते कागदावर उतरवायला त्याला कदाचित जन्म गेला असेल, आणि आपण जाऊन दोन मिनिटांत ते संपवतो. हा वाचकाचा विचार नाही. त्याला पुस्तकात काय आहे हे माहीतच नाही. हा एका कामगाराने दुसऱ्या कामगाराबद्दल केलेला विचार आहे. सुताराने कुणी फोडलेलं कपाट बघावं आणि त्याला सांधे दिसावेत, तसा.

आणि तो वाचतो तेव्हा? तेव्हा त्याला काही कळत नाही. दुपारभर बायकोबरोबर बसून पानं उलटतो, डोक्यात काही शिरत नाही, म्हणून फेबर नावाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाकडे धावतो. तिकडे जाताना ट्रेनमध्ये चार ओळी पाठ करायला बघतो, तर डब्यात टूथपेस्टची जाहिरात मोठ्याने वाजतेय, ती ओळ पुसत जाते. (हा प्रसंग मी पुणे मेट्रोत फोनवर वाचला. वाचताना वरून तीन नोटिफिकेशन आली.) पुढे तो बायकोच्या मैत्रिणींना भर दिवाणखान्यात कविता वाचून दाखवतो. एक बाई रडते. मग? ती बदलते का? छे. उठून घरी जाते, आणि तक्रार होते. मिल्ड्रेडही स्वतःच्या नवऱ्याची तक्रार करते. साहित्याने हेलावून गेलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला पोलिसांना फोन करू शकतो, हे ब्रॅडबरीने स्वच्छ लिहून ठेवलंय आणि आपण ते 'वाचाल तर वाचाल'च्या पोस्टरवर चिकटवतोय.

याहून मोठा पुरावा म्हणजे कॅप्टन बीटी, माँटॅगचा साहेब. कादंबरीत सगळ्यात जास्त वाचलेला माणूस कोण? बीटी. त्याला सगळं पाठ आहे. वाद घालताना एकामागून एक अवतरणं फेकतो आणि माँटॅग गप्प होतो. वाचनाने माणूस घडत असता तर बीटी संत झाला असता. तो जाळपोळीचा प्रमुख आहे. इतकंच नाही, जाळपोळ का आवश्यक आहे याचं सगळ्यात हुशार, सगळ्यात मुद्देसूद समर्थन तोच करतो: सरकारने वरून काही लादलं नाही, आधी लोकांनीच लांब वाचणं सोडलं, मग प्रत्येक गटाला काही ना काही टोचायला लागलं, मग टोचणारं काढत गेलो, मग उरलं ते कुणी वाचेना. आम्ही फक्त साफसफाई केली.

साफसफाईचा हा किस्सा खुद्द या कादंबरीच्या बाबतीत घडला, आणि तो कल्पित नाही. १९६७ साली बॅलंटाइन या प्रकाशनाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. त्यात पंचाहत्तरच्या आसपास जागी मजकूर बदलला. शिव्या काढल्या, दारू प्यायलेला माणूस आजारी केला, एके ठिकाणी नाभी साफ करण्याचा उल्लेख होता तो कान साफ करण्यावर आणला. पुस्तकावर कुठेही 'बदललेली आवृत्ती' असं छापलं नाही. काही वर्षं तर बाजारात हीच एक आवृत्ती मिळत होती. मूळ मजकूर परत आला १९७९ च्या सुमारास. सेन्सॉरशिपवरची कादंबरी सेन्सॉर झाली याला लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण मी त्या खोलीचा विचार करतो. कुणीतरी सकाळी डबा घेऊन ऑफिसात आलं असेल. टेबलावर गठ्ठा असेल. लाल पेन्सिलीने नाभीचा कान केला असेल. हे करायला पुस्तक नीट वाचावं लागतं. त्याने ते वाचलं. नीट वाचलं. आणि काम संपवून घरी गेला.

तर, माँटॅग कशाने बदलतो? कादंबरीत एक धागा आहे, त्याच्या हातांचा. म्हातारीच्या घरातून तो पुस्तक उचलतो तेव्हा त्याला वाटतं, हे मी केलं नाही, माझ्या हाताने केलं. हाताला जणू स्वतःचा मेंदू आहे. पुढे कित्येक पानं हे चालू राहतं: हात करतात, तो बघतो. शेवटाकडे, पाठलागातून निसटून नदीत पाठीवर तरंगत असताना, त्याला पहिल्यांदा स्वच्छ कळतं की यापुढे आपण काही जाळायचं नाही. हाताने नव्हे. आपण. एवढाच प्रवास आहे. 'हाताकडून झालं' इथून 'मी केलं, आता मी करणार नाही' इथपर्यंतचा. पुस्तकं त्यात निमित्त आहेत.

शाळेत आपल्याला याचं व्याकरण शिकवलंय. कर्तरी, कर्मणी, भावे. मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. पण मराठीत सेन्सॉरशिप कुठल्या प्रयोगात राहते ते बघायचं तर कुठलाही शासन निर्णय उघडा. 'करण्यात येत आहे.' 'रद्द करण्यात येत आहे.' 'निर्गमित करण्यात येत आहे.' कोण करतंय? कुणी नाही. येत आहे. पाऊस येतो तसं.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट फार जुनी नाही. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाचा अनघा लेले यांनी मराठीत अनुवाद केला, लोकवाङ्मय गृहाने तो काढला. ६ डिसेंबरला राज्य सरकारचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले, त्यात अनुवादासाठीचा एक लाख रुपयांचा पुरस्कार या पुस्तकाला होता. १२ डिसेंबरला तो रद्द झाला. पुरस्कार देणारी निवड समितीही मोडीत काढली. सहा दिवसांत. कारण काय दिलं? प्रशासकीय.

त्या वेळी मराठी भाषेचं खातं होतं दीपक केसरकर यांच्याकडे, म्हणजे आमच्या सावंतवाडीच्या आमदारांकडे. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे जरा जास्त लागतं. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, जयवंत दळवी आरवलीचे, खानोलकर आमचेच. व्यासपीठावर ही यादी म्हणून दाखवल्याशिवाय आमच्याकडे एक सत्कार पार पडत नाही. सरकारचं म्हणणं होतं की नक्षलवादाचं उदात्तीकरण होईल अशा पुस्तकाला सरकारी पुरस्कार देता येणार नाही, आणि पुस्तकावर बंदी तर घातलेली नाही. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पुरस्कार हा कुणाचा हक्क नसतो हे खरं. पण मग तेच कारण निर्णयावर लिहायचं होतं. 'हे पुस्तक आम्हाला धोकादायक वाटतं, या या पानांमुळे, खाली सही.' त्यावर भांडता आलं असतं. 'प्रशासकीय' या शब्दाशी भांडायचं कसं? त्याला वास नाही, रंग नाही. रॉकेलला निदान वास तरी होता.

त्या आठवड्यात जे घडलं ते मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. शरद बाविस्कर यांनी 'भुरा'साठीचा पुरस्कार नाकारला, आनंद करंदीकर यांनी आपला परत केला. लक्ष्मीकांत देशमुख भाषा सल्लागार समितीच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाले. प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी यांनी साहित्य आणि संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले. मी या लोकांना लेखक म्हणून वाचत होतो, पण त्या आठवड्यात त्यांनी लेखक म्हणून काही केलं नाही. त्यांनी यंत्रणेच्या आत असलेल्या माणसाने करायची गोष्ट केली. आपल्या नावाने, कर्तरी प्रयोगात, 'मी राजीनामा देत आहे' असं लिहिलं. पुरस्कार परत मिळाला का? नाही. पण आज ती फाइल कुणी उघडली तर एका बाजूला नावं आणि कारणं दिसतात, दुसऱ्या बाजूला 'प्रशासकीय'.

आपल्या साहित्यातल्या सेन्सॉरशिपच्या गोष्टी आपण नेहमी एका ठरलेल्या जागेवर उभं राहून सांगतो. 'सखाराम बाइंडर' १९७२ साली आलं, परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, जिंकले, पुढे त्यांनी 'बाइंडरचे दिवस' लिहिलं. बरोबर. तेंडुलकर आठवतात, सारंग आठवतात, लालन सारंग आणि निळू फुले आठवतात. पण त्या मंडळाच्या कचेरीत बसून आक्षेपार्ह वाक्यांची यादी कुणी टाइप केली? चंपाची कुठली वाक्यं लोकांना सहन होणार नाहीत हे ठरवणारा माणूस घरी जाऊन काय बोलला? त्याच्यावर मराठीत कादंबरी नाही. (गंमत बघा, सखाराम स्वतः छापखान्यात पुस्तकं बांधतो. माँटॅग जाळतो, सखाराम बांधतो, वाचत दोघेही नाहीत.)

सारंग न्यायालयात जाऊ शकले कारण त्यांच्या हातात कागद होता. हे इंजिनियरला चटकन दिसतं, साहित्यिकांना दिसायला वेळ लागतो. आणीबाणीतही असंच. आमच्या भागाचे, म्हणजे तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात होते, वर्तमानपत्रांची पानं तपासून सुटत होती. तरीही मिनू मसानी यांनी 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातला मजकूर अडवल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७६ साली, भर आणीबाणीत, निकाल मसानींच्या बाजूने लागला. तो खटला कायद्याच्या पुस्तकांत 'बिनोद राव विरुद्ध मसानी' या नावाने आहे. बिनोद राव म्हणजे सेन्सॉर अधिकारी. त्याचं नाव आहे. सही आहे. आदेश आहे. म्हणून वाद आहे, आणि म्हणून निकाल आहे.

आता आपल्या काळाकडे या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ. याखाली सरकार वेबसाइट, अकाउंट, पोस्ट ब्लॉक करायला सांगू शकतं. यासाठीचे नियम २००९ चे आहेत आणि त्यातला नियम १६ सांगतो की तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय राहील. ६६ अ हे बदनाम कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आपण पेढे वाटले. पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली फेसबुकवरच्या पोस्टपायी अटक झाली होती, तेव्हापासून ते कलम सगळ्यांच्या तोंडी होतं. पण त्याच निकालात ६९ अ टिकलं. अटक दिसते, तिचा फोटो येतो. ब्लॉक दिसत नाही. तुमची पोस्ट उघडत नाही एवढंच तुम्हाला कळतं, आणि तुम्ही आधी वायफाय बंद करून चालू करता.

ब्लॉकच्याही खाली एक पातळी आहे, तिथे कायद्याचं कलमसुद्धा लागत नाही. तिथे मी काम केलंय.

कंपनीचं नाव सांगत नाही. भारतीय भाषांमधल्या व्हिडिओंचं ॲप होतं, आमची टीम कमेंट आणि शीर्षकांमधला मजकूर चाळायची. एक मॉडेल, आणि मॉडेलच्या आधी एक साधी यादी. शब्द, भाषा, तीव्रता, तारीख. चार रकाने. यादीत शब्द असला की मजकूर कुणाला दिसणार नाही किंवा कमी दिसेल, लिहिणाऱ्याला काही कळवायचं नाही. एकदा मी गंमत म्हणून दशावताराच्या व्हिडिओंखालच्या कमेंट तपासल्या. अर्ध्या मालवणी कमेंट अडकल्या होत्या. 'मेल्या' हा शब्द 'मृत्यूची धमकी' या खान्यात होता, तीव्रता उच्च. 'शिरा पडो' तर विचारूच नका. आमच्याकडे आजी नातवाला दारात बघून 'खंय होतंस मेल्या इतके दिस?' म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी असतं. मॉडेलला ते कुठून दिसणार! शब्दांना शिक्के मारणारी मुलं कुठल्यातरी दुसऱ्या शहरातली, शब्दामागे काही पैसे मिळणारी. त्यांची चूक नाही. मी तिकीट टाकलं. तीन महिन्यांनी 'कमी प्राधान्य' म्हणून बंद झालं.

ते सोडा, तो अडाणीपणा होता. यादीत खाली एका गावाचं नाव होतं. कोकणातलंच गाव. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर हा लेख त्या गावाबद्दलचा होईल. तीव्रता: मध्यम. तारीख होती. कोणी टाकलं, का टाकलं, कधीपर्यंत ठेवायचं, यातलं काही नव्हतं, कारण तसे रकानेच नव्हते. मी विचारलं. मॅनेजर भला माणूस होता, खरंच भला, त्याने वर विचारलं. उत्तर आलं: पुनरावलोकन करण्यात येईल. इंग्रजीत आलं, पण प्रयोग तोच होता. मी ती नोकरी सोडली तेव्हा ते नाव यादीत होतं. नोकरी सोडली ती दुसरीकडे पगार जास्त मिळाला म्हणून. त्यात काही शौर्य नाही आणि मी तसं दाखवणारही नाही.

त्या खोलीत बीटी कमी नव्हते. सगळे वाचणारे. एकाकडे ऑर्वेलचा अख्खा सेट, एकजण दर वर्षी किती पुस्तकं संपवली ते पोस्ट करायचा. आणि बोलताना सगळे म्हणायचे: 'सिस्टिमने फ्लॅग केलं.' 'मॉडेलने उचललं.' माँटॅगचे हात.

यावर ठरलेली दोन उत्तरं येतात. पहिलं: मग काय सगळंच राहू द्यायचं? मुलांचं शोषण, जिवे मारायच्या धमक्या, कुणाचा पत्ता टाकून जमाव बोलावणं? नाही. असला मजकूर मी काढलाय आणि उद्याही काढेन, माझ्या नावाने. तिथे 'का' या रकान्यात काय लिहायचं हे विचारावं लागत नाही. 'का' लिहिताना बोटं अडखळतात ती यादी वेगळी.

दुसरं उत्तर जास्त खोल आहे: मी नाही केलं तर दुसरा करेल. माँटॅगच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं ठरतं. तो निसटतो तेव्हा टीव्हीवर पाठलाग चालू असतो, प्रेक्षक कंटाळतील म्हणून यंत्रणा रस्त्यावरच्या भलत्याच माणसाला पकडते, यांत्रिक कुत्रा त्याला मारतो आणि माँटॅग मेला असं जाहीर होतं. यंत्रणेला माणूस बदलायला एक मिनिट लागत नाही. मान्य. पण दुसऱ्याला सांगावं तर लागतं ना? आणि तिसऱ्याला? पहिला 'लेखी द्या' म्हणाला की दुसऱ्यालाही लेखी द्यावं लागतं. लेखी आलं की सही आली, सही आली की कुठेतरी, कधीतरी, 'अमुक विरुद्ध तमुक' अशी ओळ छापता येते. हे फार छोटं वाटतं. मसानींच्या हातातही सुरुवातीला एवढंच होतं.

लोकांना कादंबरीचा शेवट आवडतो: शहराबाहेर रुळांच्या कडेला बसलेली माणसं, प्रत्येकाने एकेक पुस्तक पाठ केलेलं. मला कुणी ना कुणी सांगतंच, अरे, हे तर तुमचे दशावतारी! संहिता नाही, सगळं तोंडी, कोण काय जाळणार? यात तथ्य आहे. नाटकाची संहिता परिनिरीक्षणाला पाठवावी लागते. जे लिहिलेलंच नाही ते पाठवणार कुठून? आख्यान काय लावायचं ते आदल्या घटकेला ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात, मृदंग आणि पेटी सांभाळून घेतात. पण त्या रुळांकडेच्या माणसांत आणि आमच्या संकासुरात एक फरक आहे आणि तो मला मोठा वाटतो. ती माणसं लपून बसलीत, काळ बदलायची वाट बघत. संकासुर काळ्या वेषात रात्री देवळासमोर उभा राहतो, आणि पुढे बसलेल्या मानकऱ्याला, सरपंचाला, त्याच्या तोंडावर मालवणीत सुनावतो. सगळ्या गावाला माहीत असतं वेषात कोण आहे. सकाळी चहाच्या टपरीवर हे दोघे समोरासमोर येणार असतात. वेष आहे, पण नाव लपलेलं नाही.

आता त्या खेळाचा व्हिडिओ रात्रीच अपलोड होतो. संकासुर बोलतो, आणि खाली कुणीतरी कौतुकाने 'मेल्या, काय बोललंस!' असं लिहितो, आणि ते कुणालाच दिसत नाही.

फेबर माँटॅगला सांगतो की तीन गोष्टी लागतात: नीट विणलेला मजकूर, तो पचवायला निवांत वेळ, आणि या दोन्हींतून जे कळलं त्यानुसार वागण्याची मुभा. आपले वाचनकट्टे, बुकस्टाग्राम, 'महिन्याला चार पुस्तकं'वाले, हे सगळे पहिल्या दोनवर थांबतात. तिसरी गोष्ट ऑफिसात असते, सोमवारी सकाळी, स्टँड-अपमध्ये.

तुमच्यापैकी बरेच जण अशाच कुठल्यातरी टीममध्ये आहात: पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरूत, किंवा घरून, तारकर्लीत आईच्या हातचे मासे खात. तुमच्याकडे ती यादी असेल. नसेल तर तिच्यासारखं काहीतरी असेल: रँकिंगचा एखादा नियम, एखादा फिल्टर, एखादं कॉन्फिग. राजीनामा द्या असं मी म्हणत नाही, घराचे हप्ते कुणाला चुकलेत. पुढच्या स्प्रिंटमध्ये तीन रकाने वाढवायचं तिकीट टाका: कोणी, का, कधीपर्यंत. दोन पॉइंटचं काम आहे, डेटाबेस मायग्रेशन धरून. जुन्या नोंदींना हे रकाने भरायला सांगा, आणि जिथे 'का' रिकामा राहील ती नोंद तीस दिवसांनी आपोआप निघून जाईल असा नियम लावा. तिकीट नाकारलं गेलं तर नाकारणाऱ्याचं नाव तिकिटावर आपोआप येतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.